कुलूपबंद आज्ञावली आणि संगणकांचे जाळे

संगणक हा आता शासकीय कार्यालयाला, शाळेला किंवा ग्रामपंचायतीला नवखा राहिलेला नाही. दप्तर, हजेरी, लेखे, दाखले, परीक्षा अशा सर्व कामांत त्याचा शिरकाव झाला आहे. वीज गेली, यंत्र बिघडले किंवा तार तुटली की काम थांबते, हा नित्याचा अनुभव आहे आणि अशा वेळी कोणाला बोलवावे हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु वीज आहे, यंत्र धडधाकट आहे, जाळे जोडलेले आहे, आज्ञावलीचे पैसे रीतसर मोजलेले आहेत आणि तरीही पडद्यावर ‘परवाना उपलब्ध नाही’ एवढीच सूचना उमटते, तेव्हा कर्मचारी हतबल होतो. बिघाड कोठे आहे हे त्याला उमगत नाही. कारण वस्तुतः बिघाड असा काही नसतोच. निर्मात्याने आज्ञावलीला घातलेले कुलूप तेवढे उघडलेले नसते.

आज्ञावलीची, म्हणजेच सॉफ्टवेअरची, अनधिकृत नक्कल होऊ नये म्हणून निर्माते जी योजना करतात तिला नक्कल-प्रतिबंध असे म्हणता येईल. हा प्रतिबंध कसा चालतो, संगणक एकमेकांना जोडल्यावर तो अधिक जाचक का ठरतो, कायदा त्याविषयी काय सांगतो आणि सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या संस्थेने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुलूप कशासाठी?

एखादी मोठी आज्ञावली तयार करण्यास अनेक माणसांची अनेक वर्षे खर्ची पडतात. तिची नक्कल करण्यास मात्र काही क्षण पुरतात, आणि ती नक्कल मुळाइतकीच निर्दोष असते. पुस्तक हाताने उतरवून घेताना श्रम पडतात, ध्वनिफितीची नक्कल मुळाहून थोडी फिकी उतरते. आज्ञावलीच्या बाबतीत असा कोणताही नैसर्गिक अडसर नाही. त्यामुळे एक प्रत विकली गेली आणि तिच्यावरून शंभर प्रती फुकट झाल्या, असे सहज घडू शकते.

ही तक्रार जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले होते. अल्टेअर या छोट्या संगणकासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली होती. ती वापरणारे पुष्कळ असले तरी अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडेही मराठी अक्षरवळणे तयार करणाऱ्यांची हीच व्यथा आहे. एकेका अक्षराची वळणे, जोडाक्षरे, वेलांट्या व रफार यांची रचना जुळवण्यात कलावंताचे महिनोन्महिने जातात आणि ते अक्षरवळण मात्र छपाईच्या दुकानांतून हातोहात फुकट फिरते.

तेव्हा कुलूप घालणारा प्रत्येक निर्माता लोभीच असतो, असे मानणे अन्यायाचे ठरेल. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र त्या कुलपाचा भार अखेर कोणावर पडतो, हे तपासून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

चकतीवरील कुलूप

१९८० च्या दशकात आज्ञावल्या फ्लॉपी चकत्यांवर विकल्या जात. नेहमीच्या चकतीवर वर्तुळाकार पथ असतात आणि प्रत्येक पथाचे ठरावीक विभाग असतात. निर्माते यांपैकी एखादा विभाग हेतुपुरस्सर सदोष ठेवीत किंवा त्याला वेगळाच क्रमांक देत. संगणकाच्या नेहमीच्या नक्कल करण्याच्या आज्ञेला हा विभाग उतरवून घेता येत नसे. आज्ञावली सुरू होताना प्रथम हा खास विभाग शोधी. तो सापडला नाही तर ती पुढे चालत नसे. काही निर्मात्यांनी तर चकतीच्या पृष्ठभागावर लेसर किरणाने बारीक खूण पाडण्याचा मार्ग अवलंबिला.

१९८३ साली बाजारात आलेली ‘लोटस १-२-३’ ही हिशेबाच्या तक्त्यांची आज्ञावली त्या काळी अतिशय लोकप्रिय होती. ती हार्डडिस्कवर उतरवून घेतल्यानंतरही सुरू करताना मूळ चकती संगणकात घालावी लागे. ही चकती म्हणजे जणू किल्लीच. परंतु फ्लॉपी ही नाजूक वस्तू. धूळ, दमट हवा, चुंबक किंवा नुसती वारंवार हाताळणी यांनी ती खराब होई. तिची राखीव प्रत करावी तर कुलूप आडवे येई. म्हणजे जी वस्तू हमखास झिजणार, नेमकी तिचीच प्रत ठेवण्याची मनाई, अशी विसंगती निर्माण झाली. दुसरीकडे अशी कुलपे ओलांडून नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या बाजारात उघडपणे विकल्या जाऊ लागल्या. ज्याला चोरी करावयाची होती त्याला कुलूप अडवू शकले नाही. अडला तो पावती जवळ बाळगणारा ग्राहक. ग्राहकांचा, विशेषतः मोठ्या कार्यालयांचा, रोष वाढला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात लोटस व ॲश्टन-टेट यांसारख्या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या चकत्यांवरील कुलपे काढून टाकली.

याच सुमारास दुसरा प्रकार रूढ झाला. संगणकाच्या मागील बाजूस, छपाईयंत्राची तार जेथे जोडतात तेथे, बोटभर लांबीचा एक ठोकळा बसवावयाचा आणि आज्ञावलीने अधूनमधून त्याची विचारपूस करावयाची. यालाच डोंगल म्हणतात. आपल्याकडील लेखांकनाच्या व भारतीय भाषांतील अक्षरजुळणीच्या अनेक आज्ञावल्यांबरोबर अशी डोंगले येत असत. दोन-तीन आज्ञावल्या असल्या की ठोकळ्यांची माळ एकापुढे एक जोडावी लागे आणि तिच्या टोकाला छपाईयंत्र. मधला एक ठोकळा सैल झाला तरी सारे काम थांबे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्रामपंचायतींमध्ये सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीसाठी जे यूएसबी उपकरण वापरले जाते त्यालाही बोलीत डोंगल म्हणतात. दिसण्यात दोन्ही सारखी असली तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. स्वाक्षरीचे उपकरण व्यक्तीची ओळख पटवते. ते ज्याचे त्यानेच वापरावयाचे असते. नक्कल-प्रतिबंधाचे डोंगल केवळ आज्ञावलीची प्रत विकत घेतलेली असल्याची साक्ष देते.

जाळे आले आणि अडचण वाढली

सुटा संगणक आणि त्याला लावलेली किल्ली, इतपत व्यवहार समजण्यासारखा होता. संगणक तारांनी जोडले जाऊ लागल्यावर मात्र ‘एक प्रत’ या शब्दांचाच अर्थ संदिग्ध झाला. आज्ञावली मध्यवर्ती यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, एकदाच ठेवलेली आहे आणि पंधरा टेबलांवरून ती वापरली जाते. मग प्रत एक की पंधरा? किल्लीची चकती कोणत्या संगणकात घालावयाची? पंधरा टेबलांपैकी एका वेळी चारच माणसे ती वापरत असतील तर पंधरा प्रतींचे पैसे का द्यावेत?

या प्रश्नांवर निघालेला तोडगा म्हणजे ‘तरता परवाना’. येथे परवाना विशिष्ट यंत्राला किंवा व्यक्तीला बांधलेला नसतो. संस्थेने दहा परवाने घेतले असतील तर जाळ्यातील कोणत्याही दहा संगणकांवर एका वेळी काम करता येते. अकराव्याला एखादा परवाना मोकळा होईपर्यंत थांबावे लागते. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाच्या दहा प्रती असाव्यात आणि वाचक शंभर असावेत, तसाच हा प्रकार. ही देवघेव पाहणाऱ्या व्यवस्थेला परवाना-सर्व्हर म्हणतात. १९८८ मध्ये आलेली ‘फ्लेक्सएलएम’ ही व्यवस्था या प्रकारातील विशेष प्रसिद्ध असून अभियांत्रिकी व रेखाटनाच्या कित्येक आज्ञावल्यांनी तिचा अवलंब केला.

परवाना-सर्व्हरचे कार्य

निर्माता ग्राहकाला एक लहानशी परवाना-फाइल पाठवतो. तीत सर्व्हरचे नाव, त्या यंत्राची ओळख, परवान्यांची संख्या, मुदत आणि या सर्वांवरून गणिताने काढलेली सांकेतिक मोहोर असते. यंत्राची ओळख बहुधा त्याच्या नेटवर्क कार्डावरील क्रमांकावरून ठरते. फाइलमधील एखादे अक्षर बदलले तर मोहोर जुळत नाही आणि परवाना रद्दबातल समजला जातो.

विद्यार्थी किंवा कर्मचारी आज्ञावली सुरू करतो तेव्हा त्याचा संगणक सर्व्हरकडे परवाना मागतो. सर्व्हर शिल्लक पाहून तो देतो आणि नोंद ठेवतो. काम चालू असेपर्यंत दोघांमध्ये ठरावीक अंतराने निरोपांची देवाणघेवाण होत राहते, जणू नाडी तपासली जाते. आज्ञावली बंद केली की परवाना परत जमा होतो.

व्यवस्था सुबक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या अडचणीही तिच्या रचनेतूनच उद्भवतात. पहिली अडचण अशी की, सर्व काम एका यंत्रावर अवलंबून राहते. सर्व्हर बंद पडला तर वीस संगणक चालू असूनही निरुपयोगी होतात. दुसरी अडचण अडकलेल्या परवान्याची. वीज जाऊन संगणक अचानक बंद झाला तर परवाना परत जमा झालेला नसतो. ठरावीक कालावधी उलटेपर्यंत सर्व्हर तो वापरातच आहे असे समजतो. जेथे वीज दिवसातून चार वेळा जाते तेथे ‘परवाने संपले’ अशी सूचना का येते, याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. तिसरी अडचण घड्याळाची. मुदतबंद परवाना तारीख पाहून चालतो. संगणकातील नाण्याएवढा विद्युत्घट संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि घड्याळात मुद्दाम फेरफार झाला असे समजून आज्ञावली काम नाकारते. पन्नास-शंभर रुपयांच्या घटापायी सबंध दिवस वाया जातो. चौथी आणि सर्वांत मोठी अडचण यंत्र बदलण्याची. सर्व्हरचे नेटवर्क कार्ड किंवा मुख्य पट्ट बदलला की ओळख बदलते आणि जुनी परवाना-फाइल निरर्थक होते.

एका शाळेतील प्रसंग

ही चौथी अडचण प्रत्यक्षात कोणते रूप घेते, हे दाखवणारा एक प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील आहे. तालुक्याच्या गावातील एका उच्च माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षणासाठी वीस संगणकांची प्रयोगशाळा होती. रेखाटनाच्या आज्ञावलीचे दहा तरते परवाने शाळेने देणगीतून उभारलेल्या निधीतून घेतले होते. मुले दोन तुकड्यांत आलटून पालटून काम करीत. ऑक्टोबर महिन्यात परतीच्या पावसात वीज कोसळली आणि सर्व्हरचा मुख्य पट्ट जळाला. गावातील कारागिराने दोन दिवसांत नवा पट्ट बसवून यंत्र चालू करून दिले. हार्डडिस्क शाबूत होती; मुलांची सर्व रेखाटने सुरक्षित होती. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु आज्ञावली काही उघडेना.

विक्रेत्याच्या शहरातील कार्यालयाशी संपर्क साधला तेव्हा मूळ खरेदीची पावती मागण्यात आली. पावती लेखापरीक्षणाच्या नस्तीत होती आणि नस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेली होती. ती मिळाली तेव्हा असे समजले की, परवाना ज्या ई-मेल पत्त्यावर नोंदवला होता तो तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या शिक्षकांचा खाजगी पत्ता होता. त्यांचा शोध, त्यांचे संमतिपत्र, मग निर्मात्याकडून नवी फाइल, अशा क्रमाने सतरा दिवस गेले. दरम्यान प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख येऊन ठेपली. मुलांनी सहामाहीभर केलेली रेखाटने त्या आज्ञावलीच्याच खास स्वरूपात साठवलेली असल्यामुळे ती परीक्षकांना नुसती दाखवताही आली नाहीत. शेवटी परीक्षा कागद-पेन्सिलीवर घेण्यात आली.

या काळात एका विद्यार्थ्याने प्राचार्यांना सांगितले, “सर, बाजारात हीच आज्ञावली कुलूप फोडलेली मिळते. माझ्या मावसभावाकडे आहे. एका तासात सगळे चालू होईल.” प्राचार्यांनी ते मान्य केले नाही. ते म्हणाले, “वस्तू आपली आहे हे खरे, बाळ, पण शाळेनेच तो रस्ता दाखवला तर उद्या तुम्हांला काय शिकवणार?” निर्णय योग्यच होता. कुलूप फोडलेल्या अशा प्रतींतून घातक विषाणू-आज्ञावल्या येण्याचा धोका असतो, ही आणखी वेगळी बाब. तथापि त्या मुलाच्या बोलण्यातील विसंगती नाकारता येत नाही. ज्याने पैसे दिले नाहीत त्याचे काम बिनघोर चालले होते आणि ज्या शाळेने पै-पै गोळा करून पैसे भरले तिची मुले खोळंबली होती.

दूरच्या सर्व्हरवरील अवलंबन

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर कुलपाची किल्ली संस्थेच्या इमारतीतूनही बाहेर गेली. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हेशन’ची पद्धत सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणली. आज्ञावली बसवल्यावर तिची यंत्राशी सांगड घालून निर्मात्याच्या सर्व्हरकडून मान्यता घ्यावयाची, अशी ही पद्धत होय. मोठ्या संस्थांसाठी त्याच कंपनीने पुढे संस्थेच्या जाळ्यातच मान्यता देणारा केएमएस सर्व्हर उपलब्ध करून दिला. परंतु विंडोज वापरणाऱ्या किमान २५ संगणकांनी संपर्क साधल्याखेरीज तो अशा संगणकांना मान्यता देत नाही, आणि दिलेली मान्यता १८० दिवसांपुरती असते. मुदतीत ती आपोआप वाढवून घेण्यासाठी संगणकाने जाळ्याशी जोडलेले असावे लागते. दहा-बारा संगणकांच्या लहान कार्यालयाला हा मार्ग उपयोगी पडत नाही. त्याला थेट निर्मात्याकडे मान्यता घेण्याचा दुसरा मार्ग धरावा लागतो.

दूरचा सर्व्हर चुकला तर काय होते, याचा अनुभव ऑगस्ट २००७ मध्ये आला. २४ व २५ ऑगस्ट रोजी मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरमधील मानवी चुकीमुळे जगभरातील अस्सल प्रती नकली ठरवल्या गेल्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बाधित संगणकांची संख्या १२ हजारांहून कमी होती आणि चूक एका दिवसाच्या आत सुधारण्यात आली. संख्या लहान असली तरी तत्त्व मोठे आहे. खरेदीदाराकडून कोणतीही चूक न होता त्याच्यावर संशयाचा शिक्का बसू शकतो, आणि तो पुसणे सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते.

सर्व्हर कायमचा बंद झाला तर? ॲडोबी कंपनीची २००५ साली आलेली ‘क्रिएटिव्ह स्वीट २’ ही आज्ञावली पुष्कळ छापखान्यांनी घेतली होती. सुमारे सात वर्षांनी कंपनीने तिला मान्यता देणारे सर्व्हर बंद केले. त्या वेळी मान्यतेची गरज नसलेली प्रत कंपनीने जुन्या ग्राहकांना उपलब्ध करून दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. प्रत्येक निर्माता असे करीलच, याची शाश्वती मात्र नाही. २०१५ मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीने ‘सेफडिस्क’ या जुन्या कुलपाला सुरक्षिततेच्या कारणास्तव आधार देणे थांबवले, तेव्हा ते कुलूप असलेल्या, रीतसर विकत घेतलेल्या खेळांच्या सीडी त्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. कुलपाचे आयुष्य संपले आणि त्याबरोबर आतील वस्तूचेही संपले.

कायदा काय सांगतो?

भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक-आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’ या संज्ञेत झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घालण्यात आले. त्यानुसार आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली. वापर व्यापारासाठी किंवा लाभासाठी नसेल तर कारावास न देता दंडावर भागवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कार्यालयप्रमुखाने ही तरतूद अवश्य ध्यानात ठेवावी.

परंतु कायद्याने खरेदीदाराचाही विचार केला आहे. कलम ५२ अन्वये आज्ञावलीच्या कायदेशीर धारकास, ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामापुरती, हानी किंवा नाश यांपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार, प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथे ‘भंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी केलेली कृती या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. मात्र अशा कामी दुसऱ्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व इतर तपशील यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप भेदण्यावर अधिक कडक बंदी घातली. तथापि तेथेही डोंगल बिघडलेले व कालबाह्य झालेले असल्यास त्या आज्ञावलीपुरती सूट २००३ साली देण्यात आली.

याचा अर्थ कोणीही स्वतःच्या मताने कुलूप फोडावे असा नव्हे. खरेदीचा करार, आज्ञावलीचा प्रकार व हेतू यांवर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि विधी सल्लागाराचे मत घेतल्याशिवाय कार्यालयाने असे पाऊल उचलू नये. शिवाय कायद्याने राखीव प्रतीची मुभा दिली तरी कुलूप ती प्रत चालू देईलच असे नाही. हक्क कागदावर असतो आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. हा पेच नंतर सुटत नाही. तो खरेदीच्या वेळीच सोडवावा लागतो.

मराठी दप्तराचा प्रश्न

सार्वजनिक संस्थेच्या दृष्टीने या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. युनिकोड ही सर्वमान्य संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या आपापल्या संकेतांत टंकित होत असे. मूळ आज्ञावली व तिचे अक्षरवळण नसेल तर अशी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. पुष्कळ कार्यालयांत ठराव, याद्या, अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशा स्वरूपात पडून आहेत. ज्या डोंगलवर ती आज्ञावली चालत असे ते हरवले आहे किंवा ते जेथे जोडावयाचे ती जागाच नव्या संगणकात उरलेली नाही.

लिहिलेला मजकूर ग्रामपंचायतीचा, ठराव ग्रामसभेचा आणि तो वाचण्याची किल्ली मात्र तिसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे आणि योग्य ते अभिलेख संगणकीकृत करून जाळ्याद्वारे जोडण्याचे दायित्व टाकले आहे. अभिलेख संगणकात आहे पण उघडत नाही, हे उत्तर नागरिकाला देता येणार नाही. म्हणून जुना संगणक व जुने डोंगल चालू स्थितीत आहे तोवरच त्यातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची छापील प्रत तपासून नस्तीस लावणे, हे काम प्रत्येक कार्यालयाने तातडीने हाती घ्यावे.

खरेदीपूर्वी व खरेदीनंतर

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निघतात. मागणीपत्र तयार करतानाच पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

१. परवाना यंत्राला, व्यक्तीला की जाळ्याला बांधलेला आहे? तरता असल्यास एका वेळी कितीजणांना वापरता येईल?

२. यंत्र जळाले, चोरीस गेले किंवा बदलले तर नवा परवाना किती दिवसांत व किती खर्चात मिळेल? तोपर्यंत काम चालू ठेवण्यासाठी तात्पुरता परवाना मिळेल काय?

३. इंटरनेट नसताना आज्ञावली किती दिवस चालेल?

४. परवान्याची मुदत संपल्यावर जुनी माहिती निदान वाचता व छापता येईल काय? ती खुल्या, सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येईल काय?

५. कंपनी बंद पडली किंवा तिने आज्ञावली मागे घेतली तर कुलूप काढून दिले जाईल, असे कलम करारात आहे काय?

खरेदीनंतरची दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक संस्थेने परवान्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत आज्ञावलीचे नाव, अनुक्रमांक, परवान्यांची संख्या, मुदत, पावतीची छायाप्रत, सर्व्हर-यंत्राची ओळख व विक्रेत्याचा संपर्क नोंदवावा. परवाना व्यक्तीच्या खाजगी ई-मेलवर न नोंदवता संस्थेच्या पत्त्यावर नोंदवावा आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत या नोंदवहीचा समावेश करावा. डोंगल जडसंग्रह नोंदवहीत चढवून कुलूपबंद कपाटात ठेवण्याची व्यवस्था असावी. सर्व्हरला यूपीएस असावा. वर्षातून एकदा, सुटीच्या काळात, संगणकातील घट तपासून घ्यावा. मोठ्या संस्थांनी तीन सर्व्हरांची जोडव्यवस्था करावी. फ्लेक्सएलएमसारख्या व्यवस्थेत तिघांपैकी दोन चालू असले तरी काम थांबत नाही.

याखेरीज मुळात कुलूप नसलेल्या आज्ञावल्यांचा पर्यायही पाहावा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करण्याची व ती वाटण्याची परवानगी निर्मात्यानेच दिलेली असते. साहजिकच नक्कल-प्रतिबंधाचे प्रयोजन उरत नाही. केरळ राज्यातील शालेय संगणक शिक्षण गेली अनेक वर्षे अशा आज्ञावल्यांवर चालत आले आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबाचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अशा आज्ञावल्यांचे पाठ मराठीतही तयार केले आहेत. अर्थात मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. प्रशिक्षण, देखभाल व सवयी बदलण्याचे श्रम करावेच लागतात, आणि काही विशिष्ट कामांना योग्य पर्याय उपलब्ध नसतो. परंतु पत्रव्यवहार, तक्ते, सादरीकरण यांसारख्या नित्याच्या कामांसाठी तो अवश्य तपासून पाहावा.

समारोप

कुलूप ही सोयीची वस्तू आहे, पण ती ज्याच्या घराला लावायची त्याच्या हाती किल्ली असली तरच. आज्ञावलीच्या निर्मात्याचा मोबदला बुडवणे गैर आहे. त्याचप्रमाणे मोबदला देणाऱ्याला दारात तिष्ठत ठेवणेही गैर आहे. या दोहोंमधील समतोल आपोआप साधत नाही. तो मागणीपत्रातील एका वाक्याने, करारातील एका कलमाने आणि नोंदवहीतील एका नोंदीने साधावा लागतो.

वर उल्लेखिलेल्या शाळेच्या प्राचार्यांनी त्या घटनेनंतर दोनच गोष्टी केल्या. परवान्यांची नोंदवही सुरू केली आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी मुलांची रेखाटने कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात वेगळी साठवण्याचा नियम घातला. पुढे सर्व्हर पुन्हा एकदा बिघडला, तेव्हा पावती, अनुक्रमांक व नोंदणीचा पत्ता हाताशी होता; तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळा चालू झाली आणि दरम्यान एकाही मुलाचे काम अडले नाही. थोडी पूर्वतयारी किती मोठा खोळंबा टाळू शकते, याची याहून वेगळी साक्ष देण्याची गरज नाही. अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी आपल्या संस्थेतील एका आज्ञावलीपासून जरी या तपासणीला आरंभ केला, तरी पुष्कळ साधेल.